फतकलीचा कोबा

कोंबड्यांची मानमोडी आली आणि काकूंचं खुराडं आठवड्याभरात रिकामं करून गेली. सकाळी दार उघडावं, तर मान पाठीवर टाकलेल्या आणखी दोघी-तिघी कोपऱ्यात पडलेल्या असायच्या. शेवटी उरलेला म्हातारा कोंबडा एका दुपारी पाण्याच्या बादलीशेजारी कलंडला, तोवर काकूंचं रडूनही झालं होतं. खड्डा मिस्त्रींनी खणला, चुना मिस्त्रींनी टाकला, आणि हात धुताना बोलायला सुरुवात केली तीही मिस्त्रींनीच.

"रोगच तसा होता. त्याला कोण काय करणार?"

काकू ओट्यावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होत्या. "हाताचं यश गेलं माझ्या," त्या म्हणाल्या.

त्या हातांवर त्यांचा भारी विश्वास, आणि त्यांच्याहून जास्त गावाचा. कुणाची कोंबडी अंड्यांवर बसेना, कुणाच्या पिल्लाचे डोळे चिकटले, की माणूस टोपली घेऊन कोंबडीवाल्या काकूंच्या दारात हजर. काकू पिल्लू उलटंसुलटं करून बघत, मालकाला दोन शब्द सुनावत आणि पिल्लू बरं करून परत देत. मानमोडीनंतर माणसं यायची थांबली. सगळ्यांचीच खुराडी ओस पडली होती, आणणार काय? पण काकूंनी ते स्वतःवर ओढून घेतलं.

मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान, गवंडी. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणे, म्हणून काकूही मिस्त्रीच म्हणायच्या. खुशीत असल्या की 'अहो मिस्त्री'. आणि नुसतं 'मिस्त्री' ऐकू आलं की गवंड्याने ओळखावं, आज काहीतरी चुकलंय. मिस्त्रींचं नाव होतं ते कोब्यासाठी. सिमेंटची जमीन ओली असतानाच तिच्यावर गुडघे टेकून थापी फिरवायची, वरून सिमेंटची मलई ओतायची, पुन्हा घोटायची, उजवा हात भरून आला की डाव्याने घोटायची. त्यांनी घोटलेल्या जमिनीत खिडकी दिसायची. पण आता ज्याला त्याला टाइल्स हव्या होत्या. मध्ये एका ठेकेदाराने बोलावणं धाडलं, तेव्हा मिस्त्री धुतलेला सदरा घालून, थाप्या पुसून गेले. तिथे त्यांना टाइल्सच्या पेट्या ट्रकमधून उतरवून आत न्यायला सांगितलं. त्यांनी त्या उतरवल्या, आत नेल्या, आणि घरी येऊन काम पसंत पडलं नाही असं सांगितलं. काकूंनी सदऱ्याच्या खांद्यावरची धूळ पाहिली आणि काही विचारलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, खुराड्यातली जुनी माती खणून टाका, भिंतींना चुना मारा, मगच नवे पक्षी आणा. 'आता कुठले पक्षी' म्हणून काकूंनी हात झटकले. मिस्त्रींनी मात्र ते मनावर घेतलं. माती उकरली, खडी धुमसली, आणि एक दिवस काकू बघतात तर मिस्त्री खुराड्यात गुडघ्यांवर बसून कोबा घोटतायत.

"खुराड्याला कोबा?"

"धुता आला पाहिजे. रोगाला टेकायला जागा राहता कामा नये."

"आणि घरातली जमीन उखडलीय ती?"

"ती पुढच्या वर्षी."

हे पुढचं वर्ष त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं. लग्न नवं असताना काकू मिस्त्रींच्या हाताखाली घमेली उचलायच्या. एकदा कुणाच्या तरी घरी ओला कोबा इतका देखणा दिसला की त्यांनी कोपऱ्यात हळूच आपला पंजा उमटवला. मिस्त्रींनी बघितलं, थापी फिरवली आणि पंजा पुसून टाकला. "लोकांच्या घरात आपला हात नसतो ठेवायचा," ते म्हणाले होते. "आपली जमीन करेन तेव्हा ठेव." आपली जमीन काही झाली नाही. दुसऱ्यांचे कोबे घोटता घोटता मिस्त्रींचे गुडघे झिजले, आणि काकूंना भांडणात वापरायला एक हत्यार मिळालं. 'माझा एक हात खपला नाही तुम्हाला' असं म्हटलं की मिस्त्रींच्या तोंडाला कुलूप. खुराड्याचा कोबा झाला तेव्हा मात्र काकूंनी विचारलं नाही आणि मिस्त्रींना आठवलं नाही.

पण कोबा झाला तो असा, की त्यांनीही आजवर तसा केला नव्हता. लोकांकडे घाई असते, इथे वेळच वेळ होता. खुराड्याच्या दारात उभं राहिलं की पायाखाली आभाळ दिसायचं. मिस्त्री जाता-येता तिथे डोकावत. काम नसलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा.

पिल्लं आणली नणंदेने. तळ्याकाठच्या गावात दिलेली ही नणंद आली की घर जागं व्हायचं. टोपली काखेत मारून ती दारातूनच ओरडली, "वहिनी, तोंड सरळ कर. तुझ्यासाठी गिऱ्हाईक आणलंय." टोपलीत बदकाची पिवळी पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देत होती.

"मला बदकांतलं काय कळतं?" काकू म्हणाल्या.

"कळायचंय काय त्यात? कोंबडीसारखीच. फक्त चोच चपटी."

"खायला काय घालतेस?"

"मी? काही नाही. त्यांची आई, बदकीण, त्यांना तळ्यात घेऊन जाते, येतात ती पोट भरून."

मिस्त्रींनी एक पिल्लू उचलून कोब्यावर सोडलं. ते जरा चाललं, घसरलं, पोटावर बसलं आणि मिस्त्रींकडे असं बघू लागलं की जणू त्यांनीच ढकललं. सगळे हसले. काकूही हसल्या. किती दिवसांनी हसल्या! त्या एका हसण्यावर मिस्त्रींनी बदकं ठेवायचं ठरवून टाकलं.

काकूंनी मग सगळं रीतसर केलं, आणि तिथेच चुकलं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्याचं एक न उघडलेलं पोतं फळीवर होतं, ते खाली काढलं. पिल्लू भिजलं की गारठून जातं, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. म्हणून पाणी ठेवलं ते चोच बुडेल एवढ्या वाटीत. सकाळी कोबा धुवायचा, पुसायचा, ठणठणीत कोरडा करायचा. वर उबेला दिवा. नणंदेची बदकीण आपल्या पोरांना चिखलातलं नाही नाही ते खाऊ घालत होती. इथे काकू डोळ्यांत तेल घालून त्यांना स्वच्छ ठेवत होत्या.

पिल्लांची अंगं भराभर वाढली, पाय मात्र मागे राहिले. एकेक पिल्लू चालायचा कंटाळा करू लागलं. भांड्यापर्यंत जायचं तरी वाटेत दोनदा बसायचं. पाय बाहेरून वाकले, सांधे सुजून वाटाण्यासारखे दिसायला लागले. सगळ्यांत वाईट गत एका लहानगीची. तिचे पाय दोन बाजूंना जायचे आणि ती जिथे असेल तिथे फतकल मारायची. मिस्त्रींनी तिचं नाव फतकली ठेवलं. भांडं जवळ सरकवलं तर खायची, नाहीतर बसल्या जागेवरून ओरडून घर डोक्यावर घ्यायची.

एका सकाळी त्यांच्यातलं एक उठलंच नाही. काकूंनी ते फडक्यात गुंडाळलं आणि बराच वेळ मांडीवर तसंच ठेवलं.

"फतकलीही गेली ना," त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "की मी खुराड्याला कुलूप घालणार. किल्ली तुमच्या बहिणीच्या तळ्यात. परत माझ्या हातात कुणी पीस द्यायचं नाही."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मिस्त्रींनी कानाआड केलं असतं. त्यांनी टोपली काढून दिली. "दवाखान्यात ने," ते म्हणाले.

आजवर लोक टोपली घेऊन काकूंच्या दारात यायचे. आज काकू टोपली घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसल्या. शेजारी शेळी घेऊन आलेली बाई म्हणाली, "तुम्ही इथं? तुमचं कोण बघणार?" काकूंनी टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण हात सराईत. त्यांनी फतकलीचा पाय दोन बोटांत धरून हळूच वाकवला, सरळ केला. "ह्याला आपण गुडघा म्हणतो, पण हा खरा घोटा. सुजलाय. खायला काय घालता काकू?"

"पिल्लांचंच खाद्य. चांगलं, पोत्यातलं."

"कोंबडीच्या पिल्लांचं?"

"हो."

"मग एक कारण तर सापडलं. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा पुष्कळ जास्त लागतं. त्या खाद्यात ते कोंबडीच्या मापाचं असतं. अंग वाढतं आणि पायांना ते पेलत नाही."

"म्हणजे मी पोटभर घालून उपाशी ठेवलं त्यांना."

"उपाशी कसलं? एक गोष्ट कमी पडली, ती भरून काढू. अजून वेळ गेलेली नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच डॉक्टरीणबाईंनी फतकलीला स्टीलच्या टेबलावर सोडलं. पाय दोन दिशांना गेले. त्यांनी तिला उचललं आणि दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर ठेवलं. फतकली थरथरली, पण क्षणभर उभी राहिली. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"घरी खाली काय आहे?"

"कोबा," काकू म्हणाल्या, आणि सवयीने पुढे बोलून गेल्या, "आरशासारखा आहे. आमच्या मिस्त्रींनी घोटलाय."

बोलता बोलताच त्यांना कळलं. डॉक्टरीणबाई काही लागेल असं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जमीन बदला काकू. नुसतं औषध देऊन भागायचं नाही. हिच्या घोट्यावरून जाणारी शीर अजून जागेवर आहे. घसरून ती एकदा बाजूला सरकली की अवघड होतं. लगेच लक्षात आलं तर पाय मागे ताणून अंगठ्याने जागेवर ढकलता येते. बघा, अशी." त्यांनी काकूंचा अंगठा धरून त्या घोट्यावर ठेवला आणि कुठून कुठे ढकलायचं ते दाखवलं. मग पाण्यात घालायची पूड दिली, खाद्यावर भुरभुरायचं सुकवलेलं यीस्ट दिलं, मटार उकडून कुस्करून घालायला सांगितलं आणि कोमट पाण्यात पोहू द्या म्हणाल्या, म्हणजे अंगाचा भार न पडता पायांना काम मिळेल.

"पाण्यात? पिल्लांना?"

"बदकं आहेत काकू."

घरी येताना काकूंच्या डोळ्यांसमोर सदऱ्याच्या खांद्यावरची धूळ येत होती. ह्या माणसाजवळ आता कौतुक करण्यासारखं उरलंय काय, तर तो एक कोबा. दारातून आत पाऊल टाकेपर्यंत त्यांनी अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं ठरवलं.

"खाण्यात कमी पडलं म्हणाली. माझीच चूक," त्यांनी सांगितलं. "हे यीस्ट घालायचं. बिअरच्या कारखान्यातलं असतं."

मिस्त्रींनी पुडी हुंगली. "म्हणजे आधी धड चालत नव्हती, आता झिंगून चालणार."

"आणि खाली गोणपाट घालायचं. गारठतात."

"माझ्या कोब्यावर गोणपाट?"

"गारठतात म्हटलं ना."

गोणपाट मिस्त्रींनीच आणून पसरलं, पण रोज सकाळी एक कोपरा उचलून खाली बघायचे आणि पुन्हा झाकायचे. नव्या भांड्यावरचं फडकं उचलून बघावं तसं. काकूंना ते बघवत नसे, आणि सांगवतही नसे.

पोहण्यासाठी मिस्त्रींनी आपलं घमेलं घासून दिलं. एवढी वर्षं ज्यात माल कालवला, त्यात काकूंनी कोमट पाणी ओतलं आणि भीत भीत पहिलं पिल्लू सोडलं. ते बुडालं नाही, गारठलं नाही. मान ताठ करून असं फिरलं की घमेलं त्याच्या बापाचं. फतकलीचे वाकडे पाय पाण्याखाली भराभर चालत होते. जमिनीवर जिला उभं राहता येत नव्हतं, ती पाण्यात सगळ्यांच्या पुढे.

"अगं, हिला तर जमिनीचाच त्रास आहे," मिस्त्री हसत म्हणाले. काकूंनी पटकन टॉवेल आणायला पाठ फिरवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे फतकलीच्या दोन्ही पायांना जुन्या बनियनची मऊ पट्टी बांधायची होती, पाय फाकणार नाहीत पण पाऊल टाकता येईल अशा बेताने. मिस्त्रींनी त्याचं माप घेतलं. एक डोळा मिटून, ओळंबा धरल्यासारखा हात लांब करून ते म्हणाले, "डावा अजून ओळंब्यात नाही. जरा आत घे." काकूंनी आत घेतला. फतकलीने मिस्त्रींच्या अंगठ्याला चोच मारली. "हिला काम पसंत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून दोघंही जरा थांबली, मग हसली.

यीस्टचा वास घरभर, मटारांची सालं अंगणभर, असे दिवस गेले. बाकीची पिल्लं हळूहळू पायांवर येऊ लागली. सूज उतरली, पाय सरळ व्हायला लागले, काकू अंगणात आल्या की सगळी कलकलाट करत मागे धावत. फतकलीही धावण्याचं मनावर घेई, पण दोन पावलांवर तिचं अवसान संपे. "तू उभी राहिलीस की माझं नाक वर," काकू तिला सांगत, "नाहीतर ही सगळी उभी राहून काय उपयोग?" त्यांनी मनाशी तिच्यावरच पैज लावली होती.

एका संध्याकाळी मिस्त्री उजळलेल्या चेहऱ्याने आले. किराणा दुकानदार नवं घर बांधत होता, आणि टाइल्सना त्याची आई नाक मुरडत होती. "एकदा कोबा बघून जातो म्हणाला. सगळ्या खोल्यांचं काम आहे," मिस्त्री म्हणाले. मग जरा चाचरत, "गोणपाट तेवढं... तासाभरासाठी..."

"काढू की," काकू म्हणाल्या. "पिल्लं आधी टोपलीत ठेवू. टोपलीतच हं मिस्त्री."

"टोपलीतच."

दुकानदार कळवून येणार होता, पण आला तो न कळवता. काकू तेव्हा ओढ्यावर, पिल्लांसाठी पाण्यावरचं हिरवं शेवाळ गोळा करत होत्या. परत आल्या तर गोणपाट कुंपणावर वाळत पडलेलं. हातातली बादली तशीच घेऊन त्या खुराड्याकडे धावल्या.

कोबा धुऊन चकाकत होता. आत दुकानदार उभा, दारात काठी टेकून त्याची आई, आणि मिस्त्री धुतलेल्या सदऱ्यात. पिल्लं त्यांनी कबूल केल्याप्रमाणे टोपलीतच ठेवली होती. पण म्हातारी म्हणाली, "अगं बाई, किती गोड! चालताना बघू दे की." इतक्या दिवसांनी कुणीतरी कौतुकाने काही मागितलं होतं. मिस्त्रींनी टोपली आडवी केली.

पिल्लं काकूंची चाहूल लागताच दाराकडे धावली, आणि धावली तशी आडवी झाली. एकावर एक. पाय सापडेनात, पंखांची इवली खुंटं हलवत ओल्या कोब्यावर गोल फिरू लागली. दुकानदार खो खो हसला. फतकली सगळ्यांच्या मागे होती. तिची पट्टी सुटली, डावा पाय एकीकडे गेला आणि ती अशी किंचाळली की हसणं थांबलं.

म्हातारीने काठी उचलली, कोब्यावर टेकून पाहिली. काठी सरकली. तिने मुलाचा दंड धरला. "मला नको रे बाबा असली जमीन. ह्या पोरांची गत बघ. उद्या मी अशी पडेन."

"कळवतो मिस्त्री," दुकानदार म्हणाला. ह्या 'कळवतो'चा अर्थ मिस्त्रींना पाठ होता.

काकूंना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. फतकलीला उचलून त्या ओट्यावर बसल्या. डाव्या घोट्याला अंगठा लावून पाहिला. शीर बाजूला गेली होती.

"धरा हिला," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी पिल्लू ओंजळीत धरलं. काकूंनी पाय मागे ताणला, अंगठा घोट्याच्या कडेला टेकवला. मग तो परत उचलला. ज्या हातातून सगळं खुराडं निसटलं तोच हा हात. "मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"तुला नाही तर कुणाला जमणार?" मिस्त्री म्हणाले. चिडून म्हणाले, पण त्या चिडण्यात एवढा भरवसा होता की काकूंनी अंगठा पुन्हा टेकवला. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. अंगठ्याखाली काहीतरी बारीक सरकलं, टचकन जागेवर बसलं. फतकलीने पाय स्वतःहून ओढून घेतला.

काकूंनी पट्टी पुन्हा बांधली. मग मिस्त्रींनी विचारलं, "डॉक्टरीण आणखी काय म्हणाली होती?"

"सांगितलं की. पूड द्यायची, यीस्ट..."

"आणखी?"

काकूंनी पदराने नाक पुसलं. "घरी खाली काय आहे, विचारलं तिने."

मिस्त्रींनी मान हलवली. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमच्याजवळ ती एकच गोष्ट होती. तीही मी तुमच्याकडून काढून घेऊ?"

मिस्त्री उठले आणि बाहेर गेले. काकूंना वाटलं, आता हा माणूस अंधार पडेपर्यंत यायचा नाही. पण ते हत्यारांच्या पेटीपर्यंतच गेले होते. छिन्नी आणि हातोडा घेऊन ते खुराड्यात शिरले, सदरा काढून खुंटीला लावला, आणि आजवरच्या आपल्या सगळ्यांत देखण्या कोब्याच्या बरोबर मधोमध पहिला घाव घातला.

"अहो, नका!" काकू दारात धावल्या. "गोणपाट पुरेल, मी रोज बदलीन."

"खडबडीत केल्याशिवाय वरचा थर धरत नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "बाजूला हो, डोळ्यात उडेल."

छिन्नीने सगळ्या कोब्याला टाचे मारण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. गुडघे साथ देत नव्हते, तासाभराने भिंतीला धरून उठावं लागे. तोवर पिल्लांचा मुक्काम स्वयंपाकघरात. उखडलेली ती जमीन त्यांना फार मानवली. पिठाच्या डब्यामागे, शेगडीखाली, काकूंच्या पायांत, जिथे नको तिथे बदक. मिस्त्री जेवायला बसले की एखादं त्यांच्या ताटाशी येऊन उभं राही. फतकलीची पट्टी काकूंनी सोडली तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहू लागली होती. चालायचं मात्र नाव काढत नव्हती. दुकानदाराने काही कळवलं नाही, आणि त्याची कुणी आठवणही काढली नाही.

नवा थर टाकायच्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि घमेलं उचललं. "राहू दे, पाठ धरेल," मिस्त्री म्हणाले. "धरू दे," काकू म्हणाल्या. माल पसरून झाला, लाकडी रंधा फिरवून सपाट केला. मिस्त्रींचा हात थापीकडे गेला. सवयच ती. मग त्यांनी थापी बाजूला ठेवली. "गोणपाट दे," ते म्हणाले. दोघांनी चार टोकं धरून ओलं गोणपाट सिमेंटवर अंथरलं, त्यावर फळी ठेवून दाबलं, आणि एकदम वर उचललं. खाली गोणपाटाची वीण उमटली होती, काथ्याच्या पायपुसण्यासारखी. मिस्त्रींनी तिच्यावर तळवा घासून पाहिला. "माझ्या हाताने असलं काम झालं असं कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले, पण वाकून वाकून पुढचं गोणपाट त्यांनीच हाक मारून मागितलं. संपूर्ण खुराडं तसं करून दोघं मागे मागे येत दाराबाहेर आली आणि ओट्यावर चहा घेत बसली. अंगं सिमेंटने पांढरी, हात भरून आलेले. किती वर्षांनी दोघांनी मिळून एक काम केलं होतं.

चहा संपायच्या आत खुराड्यातून ओरडणं ऐकू आलं. काकूंनी पिल्लं कोंडलेल्या टोपलीकडे बघितलं. टोपली कलंडलेली, बाकीची पिल्लं अंगणात चिखल करत होती. फतकली नव्हती.

ती खुराड्यात पलीकडच्या भिंतीशी उभी होती. टेकून नाही, मोकळी उभी. आणि कुणी न्यायला का येत नाही म्हणून तक्रार करत होती. दारापासून तिच्यापर्यंत ओल्या सिमेंटवर पावलांची रांग होती. पसरलेली तीन बोटं, मधे पातळ पडदा. एक डावं, एक उजवं, एक डावं, एक उजवं. कुठेही घसरल्याची रेघ नव्हती.

"चालली," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अहो, चालली ही!"

मिस्त्री उकिडवे बसून पावलं बघत होते. "डावा अजून जरा आत पडतोय," ते म्हणाले. "पण भार दोन्हींवर सारखा आहे."

त्यांनी फळी टाकून फतकलीला उचलून आणलं. काकूंनी घमेल्यातल्या पाण्यात तिचे पाय चोळून चोळून धुतले, सिमेंट चावू नये म्हणून. मग त्यांनी थापी उचलून मिस्त्रींपुढे धरली. मांजर चालून गेलं म्हणून अख्खी खोली पुन्हा घोटणारा माणूस होता तो.

मिस्त्रींनी थापी घेतली, पुसली आणि पेटीत ठेवून दिली.

"आण," ते म्हणाले.

"काय आणू?"

"हात आण तुझा. आपली जमीन केली की ठेव, असं म्हटलं होतं ना मी? ही काय, केली."

काकूंनी हात पदराला पुसला. "आता कशाला? म्हातारी झाले. आणि हा हात..."

"ह्या हाताने शीर बसवली ना त्या दिवशी? आण म्हणतो ना. सुकतंय."

त्या दाराशी गुडघ्यांवर बसल्या. मिस्त्रीही कण्हत शेजारी टेकले. जिथून फतकलीचं पहिलं पाऊल सुरू होत होतं, त्याच्या बाजूला त्यांनी काकूंचं मनगट धरून तळवा ओल्या सिमेंटवर ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबला.

"हलवू नकोस," ते म्हणाले. "बोटं पसर. फतकलीसारखी."